मुक्या जीवांविषयी आपले नित्याचे कर्तव्य

(महोत्सवानिमित्त अंकुशनगर येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी गेल्या वर्षांचा आढावा घ्यावा, ज्यांनी आपल्यासाठी झीज सोसली त्यांचे उपकार स्मरावेत आणि पुढील काळासाठी एखादा संकल्प करावा, अशी आपली रीत आहे. ह्या सभेत आतापर्यंत अनेकांचे आभार यथायोग्य मानले गेले. दाते, कारागीर, शिक्षक, धर्मभगिनी, स्वयंपाकाची जबाबदारी उचलणाऱ्या माताभगिनी, कोणाचेही नाव राहिले नाही. तथापि एका सेवकाचे नाव कोणी घेतले नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही; कारण स्वतःची आठवण करून देण्यास त्याला वाचाच नाही. ह्या बाजूच्या कोणत्याही जुन्या घराची भिंत पाहा. तिचा दगड, तिची वाळू, वरचे आढे, हे सारे एके काळी बैलाच्या खांद्यावरून आले. आज आपणांपुढे मी त्या मुक्या सेवकाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने इतर मुक्या जीवांविषयी चार शब्द बोलणार आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जनावरांची दया ही सणासुदीला मनात येणारी लहर नव्हे. दररोज आपण जे विकत घेतो, जे ओझे लादतो, जे औषध देतो, त्या लहानसहान निवडींत ती दिसते अथवा दिसत नाही. आणि दुसरे असे की, नुसती कोमल भावना पुरेशी नाही. दयेला ज्ञानाची जोड नसेल, तर दयाळू हातूनही मोठा घात घडतो. ह्या दुसऱ्या गोष्टीचे एक भयंकर उदाहरण आपल्या देशात आपल्याच हयातीत घडले आहे. ते मी पुढे सांगणार आहे. परंतु आरंभ आपल्या दावणीपासून करू.

अंकुशनगर हे नाव समर्थ सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले, त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी ह्या बाजूस आले, आणि जेथे ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेते होती तेथे ऊस उभा राहिला. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर उसाची वाहतूक रात्रंदिवस चालते. ट्रॅक्टर आणि ट्रक वाढले, हे खरे. परंतु उसाची बैलगाडी काही नाहीशी झालेली नाही. पहाटेच्या थंडीत टायरगाडीला जुंपलेली ती जोडी आपण सर्वांनी पाहिली आहे. मोळ्यांची रास इतकी उंच असते की मागून बैल दिसतच नाहीत. चढ आला की बैल गुडघ्यांवर येतात, डांबरी रस्त्यावर खूर घसरतात, आणि मग पराणीची आर टोचली जाते अथवा शेपटी पिरगाळली जाते. काट्यावरच्या रांगेत गाडीवान बिचारा झोपेने पेंगतो आणि बैल जू मानेवर घेऊन ताटकळत उभे राहतात. खांदा सुजतो, सुजेवर पुन्हा जू येते, आणि सुजेची जखम होते.

ह्याविषयी आपल्या देशात कायदा आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. मुंबईत जनावरांवरील क्रौर्यास आळा घालणारी संस्था १८७४ सालीच स्थापन झाली होती, आणि परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय त्याच संस्थेच्या कार्यातून उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर विख्यात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत हा प्रश्न नेटाने मांडला, आणि त्यातून पुढे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्याखाली १९६५ साली ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले गेले. बैल लहान आहे की मोठा, गाडीची चाके कशी आहेत, ह्यावरून ओझ्याची मर्यादा त्यात ठरविली आहे. जनावराकडून दिवसात एकंदर ९ तासांहून अधिक काम घेऊ नये. मध्ये विश्रांती दिल्यावाचून सलग ५ तासांहून अधिक जुंपू नये. उष्णमान ३७ अंशांच्या वर असेल अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ ह्या वेळात त्याला जुंपू नये. आणि टोकदार आर असलेली काठी वापरू नये, असे ते नियम सांगतात. मूळ कायद्यात पहिल्या अपराधास दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच ठेवलेला होता. तेव्हा केवळ दंडाच्या भयाने बैलाचे रक्षण होईल अशी आशा कोणी बाळगू नये. जेथे कायद्याचा हात तोकडा पडतो तेथे मनुष्याच्या विवेकालाच पुढे व्हावे लागते.

आणि हा विवेक आपणांस परका आहे काय? मुळीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदेमळण होते. ज्या खांद्याने वर्षभर जू वाहिले तो खांदा तूप-हळदीने चोळला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्या मुक्या जीवाला दिले जाते. जगात असा सोहळा फार थोड्या ठिकाणी असेल. ज्या पैठणहून आपणांस पाणी येते, त्याच पैठणच्या संत एकनाथांची कथा लहानथोरांस ठाऊक आहे. काशीहून रामेश्वराला न्यावयाची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली. सोबत्यांना वाटले, यात्रा फुकट गेली. नाथांना वाटले, यात्रा इथेच पोहोचली.

पवित्र शास्त्राची शिकवण ह्याहून निराळी नाही. निर्गमाच्या पुस्तकात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे, आणि तो विसावा धन्याबरोबर त्याच्या बैलाला व गाढवालाही दिलेला आहे. त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की, आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले, तर पुढे निघून न जाता ते उठविण्यास हात द्यावा. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये, हा अनुवादाच्या पुस्तकातला नियम तर प्रत्येक शेतकऱ्याला सहज समजेल. आणि नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे. विनाकारण जनावरांना क्लेश देणे अथवा त्यांचा जीव घेणे हे मनुष्याच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे, अशी ख्रिस्तसभेची स्पष्ट शिकवण आहे. तेव्हा प्रश्न तत्त्वाचा नाही. प्रश्न असा आहे की, पोळ्याच्या एका दिवशी खांद्याला तूप चोळणारा हात उरलेल्या दिवसांत त्याच खांद्यावर काय ठेवतो?

येथे कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे मी आदराने ऐकतो, की फादर, माणसांचेच हाल कुत्रा खात नाही, तेथे बैलांची दया कोठून आणावी? मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही. टोळीतील बाई तान्ह्या मुलाला पाचटावर निजवून मोळी उचलते. गाडी जितकी भरेल तितकी मजुरी मिळते; कमी भरली तर रात्री चुलीवर काय ठेवावे?

हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच मी गाडीवानाला शिव्याशाप देऊन मोकळा होणार नाही. त्याच्या खांद्यावर आणि त्याच्या बैलाच्या खांद्यावर जे जू आहे ते एकच आहे. ज्या घाईने बैल मोडतो त्याच घाईने माणूस मोडतो. ज्याला बैलाचा थकवा दिसत नाही त्याला मजुराचा थकवाही दिसेनासा होतो. यास्तव हे कर्तव्य एकट्या गाडीवानाचे नाही. रांगेत बैल सोडण्यास जागा, सावली आणि पाण्याचा हौद असावा, हे पाहणे ज्यांच्या हाती व्यवस्था आहे त्यांचे काम आहे. ज्याचा ऊस आहे त्याने चार मोळ्या कमी भरण्यास आडकाठी करू नये. आणि चहाच्या पेल्यात साखर घालणाऱ्या आपण सर्वांनी ती कोणाच्या श्रमाने आली ह्याची जाणीव ठेवावी. गाडीवानास मात्र मी एवढेच सांगेन की, तुझा बैल हेच तुझे भांडवल आहे. सुजलेल्या खांद्याला तीन दिवस विसावा दिला तर तीन दिवसांची मजुरी बुडते. न दिला तर पुढे बैलच बुडतो.

आता ह्या दावणीवरून आपण आकाशाकडे वळू. कारण दावणीवर जे घडते त्याचा परिणाम आकाशापर्यंत जातो, ही माझ्या भाषणातील मुख्य गोष्ट आहे.

आपल्यापैकी ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे त्यांना आठवत असेल की, गावात जनावर मेले आणि ते वेशीबाहेर नेऊन टाकले, की थोड्या वेळात आभाळात काळे ठिपके घिरट्या घालू लागत. मग एकेक करून गिधाडे उतरत, आणि सायंकाळच्या आत तेथे नुसती हाडे राहत. दुर्गंधी नाही, किडे नाहीत, रोगराई नाही. आपण त्या पक्ष्याचे नाव शिवीसारखे वापरले. लोभी मनुष्य गिधाडासारखा तुटून पडला असे म्हटले. परंतु सीतेसाठी प्राण देणारा जटायू गिधाडच होता, आणि नाशिक जिल्ह्यातील सर्वतीर्थ टाकेद येथे आजही लोक त्याची आठवण करतात. मुंबईच्या पारशी बांधवांनी तर आपल्या मृतांचा अखेरचा संस्कारच ह्या पक्ष्याच्या हवाली केला होता.

१९८० च्या सुमारास भारतीय उपखंडात गिधाडांची संख्या कोट्यवधी होती. १९९० नंतर राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश ह्यांच्या ध्यानात आले की घरटी रिकामी पडत आहेत आणि पक्षी माना खाली टाकून झाडांवरच मरत आहेत. पुढे मोजणी झाली. १९९२ ते २००७ ह्या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांचीही अशीच दशा झाली. त्यांतील शंभरात तीन-चार राहिली. इतक्या थोड्या काळात इतका मोठा पक्षी इतक्या प्रमाणात नाहीसा झाल्याचे उदाहरण इतिहासात शोधूनही सापडणे कठीण.

हा संहार कोणी केला? बंदूक नव्हती, जाळे नव्हते, झाडे तोडली म्हणून असेही नव्हते. प्रथम एखादी साथ असावी असा तर्क झाला. अखेर २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासून खरे कारण प्रसिद्ध केले. ते कारण म्हणजे डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध. माणसांच्या दुखण्यावर वापरले जाणारे हे औषध स्वस्त झाले तसे ते गुरांनाही टोचले जाऊ लागले. लंगडणारा बैल, सुजलेला खांदा, ताप आलेली गाय. एक सुई दिली की जनावर उभे राहत असे. औषध दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात शिल्लक राही. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत, पोटातील अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसे, आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरे. गिधाडे थव्याने जेवतात. म्हणून एका मेलेल्या गुरावर अनेक पक्षी बळी पडत. शंभर मृत जनावरांत एकाहून कमी जनावर असे विषारी असले, तरी सारी जात नष्ट होण्यास तेवढे पुरे होते, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. गिधाडाची मादी वर्षात एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे ५ वर्षे लागतात; मग झालेली हानी भरून कशी यावी?

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबा. ती सुई कोणी क्रूरपणाने दिली नव्हती. आपल्या जनावराचे दुखणे न पाहवून, दयेने, ती दिली गेली होती. शेतकऱ्याने चांगलेच केले असे त्याला वाटले, आणि त्या काळी कोणाला ह्याहून अधिक ठाऊकही नव्हते. म्हणून मी म्हणतो की दयेला ज्ञानाची जोड हवी. आणखी एक गोष्ट पाहा. जो बैल बेताच्या ओझ्याने चालतो, वेळेवर विसावा घेतो, त्याचा खांदा सुजण्याचा प्रसंग कमी येतो. त्याला सुई कमी लागते. अतिभाराने लंगडा झालेला बैल सुईच्या बळावर पुन्हा जुंपला जातो. म्हणजे दावणीवरचे क्रौर्य आणि आकाशातला मृत्यू ह्यांचा संबंध दूरचा नाही.

गिधाडे गेली, त्याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. मृत गुरे तशीच पडून राहू लागली. त्यांवर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली, त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढले, आणि कुजलेल्या मांसाची घाण ओढ्यानाल्यांतून पाण्यात उतरू लागली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की, गिधाडांच्या अभावामुळे २००० ते २००५ ह्या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली. माणसांचेच हाल असताना जनावरांची दया कशाला, ह्या प्रश्नाचे उत्तर आता आपणांस मिळाले असेल. परमेश्वराने सृष्टीची वीण अशी घातली आहे की एक धागा ओढला की दुसरा निसटतो.

ह्या कथेचा शेवट मात्र केवळ दुःखाचा नाही. २००६ साली सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीची मोठी बाटली गोठ्यात नेली जाते असे दिसून आल्यावर २०१५ साली ती बाटली ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतीच मर्यादित केली गेली. पुढे तितकीच घातक ठरलेली ॲसेक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेन ही औषधे २०२३ साली, आणि निमेसुलाइड २०२४ च्या अखेरीस, गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्झिकॅम नावाचे औषध गुरांना गुणकारी असून गिधाडांना निर्धोक आहे, असे परीक्षणाअंती ठरले आहे. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास केली जाते. तेथील पक्षी २०२४ साली आपल्या विदर्भातील ताडोबा आणि पेंच येथे आणून पुढे मोकळे सोडण्यात आले. त्यांतील काही दगावले, तथापि प्रयत्न थांबलेला नाही. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याची जागा केली आहे. ज्ञान आले, आणि दयेने आपली वाट सुधारली.

गिधाडाखेरीज दुसरे कितीतरी जीव आपल्या रोजच्या वागण्यावर अवलंबून आहेत. गावोगाव अशी भूल पसरली आहे की मांडूळ नावाच्या सापामुळे गुप्तधन सापडते, आणि त्याला लाखो रुपये किंमत येते. मांडूळ हा बिनविषारी, गरीब साप. त्याची शेपटी बोथट असल्याने त्याला दोन तोंडे आहेत असे लोकांना वाटते. तो शेतातील उंदीर खातो आणि कोणाचेही नुकसान करीत नाही. ह्या खुळापायी शेकडो साप पकडले जातात आणि कोवळी पोरे तुरुंगात जातात. खवले मांजराचीही तीच कथा. त्याची खवले औषधी म्हणून चोरून विकली जातात. वस्तुतः ती आपल्या नखांच्याच द्रव्याची बनलेली असतात. नख कुरतडून कोणाचा रोग बरा झाला आहे काय? तितर, लावे, ससे, घोरपड ह्यांचे मांस हौसेने विकत घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार निषिद्ध आहे, आणि घेणारा आहे म्हणूनच फासे लावणारा आहे.

हरणे आणि रानडुकरे उभे पीक खातात, हे शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. त्याची भरपाई मागण्याचा त्याला अधिकार आहे आणि त्या कामी शिकलेल्यांनी त्याला मदत करावी. परंतु कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडणे हा उपाय नव्हे. त्या तारेला काळवीट कळत नाही आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही कळत नाही. तसेच कठडा नसलेली विहीर. रात्री भक्ष्यामागे धावणारा बिबट्या, कोल्हा अथवा रानमांजर तीत पडते. कधी लहान मूलही पडते. उसाच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडली, तर जुन्नर व नाशिकच्या भागात मिळालेला अनुभव असा आहे की, ती घरी न आणता वनखात्याला कळवावे आणि त्यांच्या सल्ल्याने ती जागच्या जागी ठेवावीत. आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिल्ले उचलून नेली तर चवताळलेली आई वस्तीभोवती फिरते. तोडणीनंतर पाचट पेटविण्यापूर्वी त्यात कोणाचे घरटे आहे, कोणाचे पिल्लू आहे, एवढा तरी विचार करावा; आणि पाचट न जाळता शेतातच कुजविले तर जमिनीलाही ते मानवते.

अनुवादाच्या पुस्तकात एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले आणि मादी पिल्लांवर बसलेली असली, तर मादीला पिल्लांसह घेऊ नये. तिला जाऊ द्यावे. किती सुज्ञ हा नियम! आई राहिली तर जात राहते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावच्या लोकांनी हेच केले. समुद्री कासवे तेथील वाळूत अंडी घालीत आणि ती अंडी चोरीस जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेच्या साहाय्याने गावकरी ती अंडी जपू लागले. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास दूरदूरचे लोक त्या गावी येतात आणि गावाला चार पैसे मिळतात. उलट सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तरी आपल्या माळांचा हा भूषणभूत पक्षी तेथे आज क्वचितच दृष्टीस पडतो. एके ठिकाणी वेळेवर जाग आली, दुसऱ्या ठिकाणी उशीर झाला. आपण कोणत्या बाजूस उभे राहावयाचे?

आता मुलांविषयी एक शब्द. गलोल घेऊन चिमणी मारणारे, कुत्र्याच्या पिलाच्या शेपटीला डबा बांधणारे मूल दुष्ट नसते; त्याला दुसऱ्याचे दुखणे दिसावे अशी सवय कोणी लावलेली नसते. ही सवय लावणे हे आईबापांचे काम. संक्रांतीला पतंग जरूर उडवावा, परंतु नायलॉनचा मांजा घरात आणू नये. तो पक्ष्यांचे पंख कापतो आणि रस्त्याने जाणाऱ्या मनुष्याचा गळाही कापतो. उन्हाळ्यात अंगणात पाण्याचे एक मडके ठेवावे आणि ते भरण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. ज्याने चिमणीला पाणी दिले त्याचा हात पुढे बैलावर सहसा उठत नाही. सुमारे ८०० वर्षांपूर्वी असिसीच्या संत फ्रान्सिसने पशुपक्ष्यांना भाऊ-बहीण मानले. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी पृथ्वी हे आपले सामाईक घर आहे ह्याविषयी जगाला पत्र लिहिले. घर म्हटले की त्यात रोजची झाडलोट आली. वर्षातून एकदा सडा घालून भागत नाही.

म्हणून ह्या महोत्सवाच्या निमित्ताने आपण काही थोडे, परंतु पाळता येतील असे संकल्प करू. पहिला: गाडीत बैलाला झेपेल इतकेच भरू, काट्यावर थांबावे लागल्यास जू उतरवू, आणि आर असलेली पराणी आजपासून घराबाहेर काढू. दुसरा: गुराला वेदनाशामक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देणार नाही, निर्धोक औषधाची मागणी करू, आणि औषध चालू असताना जनावर दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरू. तिसरा: मांडूळ, खवले, रानातले मांस, ह्यांपैकी काहीही घेणार नाही आणि घेणाऱ्याला साथ देणार नाही. चौथा: विहिरीला कठडा बांधू आणि कुंपणात वीज सोडणार नाही. पाचवा: घरातल्या मुलांच्या हातून रोज एका तरी मुक्या जीवाला पाणी अथवा घास देऊ.

ह्यांतील कोणत्याही संकल्पाला मोठे धन लागत नाही. थोडी सावधगिरी आणि थोडा धीर लागतो. पुढील महोत्सवाला आपल्यापैकी कित्येक जण नसतील. परंतु त्या दिवशी ह्या गावचे एखादे मूल वर बोट करून, ते आकाशात काय फिरते आहे, असे आजोबांना विचारील, आणि आजोबा, गिधाड आहे बाळा, असे म्हणू शकतील, तर आपला हा उत्सव सार्थकी लागला असे मी समजेन.

सर्व सृष्टीचा निर्माता आणि पालनकर्ता परमेश्वर आपणां सर्वांस, आपल्या घरादारास आणि आपल्या गोठ्यातील मुक्या सोबत्यांस आशीर्वाद देवो.